गर्भाशय काढावं लागण्याची शक्यता आणि आधीच पथ्याचं खाणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॉक्टर म्हणाल्या आहेत, "कदाचित पिशवी काढावी लागेल, बघू." तारीख ठरलेली नाही आणि खाण्यातल्या अर्ध्या गोष्टी आधीच वर्ज्य आहेत. कोणाला सिलिॲक (गव्हासारख्या धान्यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार) आहे, कोणाला दूध चालत नाही, कोणाला मधुमेह आहे, कोणी फक्त वनस्पतिजन्य खातं. कोणी पोटाच्या त्रासामुळे एकेक पदार्थ सोडत मोजक्या पदार्थांवर येऊन थांबलेलं आहे. अशा वेळी "पौष्टिक खा, हिमोग्लोबिन वाढवा" या नेहमीच्या सूचना हातात घेऊन करायचं काय, हेच कळत नाही. पुढची उत्तरं त्यासाठी आहेत. औषधं सुरू किंवा बंद करण्याचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

अजून काहीच नक्की नाही. मग तयारी आत्तापासून कशाला?

कारण शरीराला वेळ लागतो आणि तारीख मिळाल्यावर तो वेळ उरत नाही. लोहाच्या गोळ्या नीट लागू पडल्या तर हिमोग्लोबिन साधारण दोन-तीन आठवड्यांत १ ग्रॅमने वाढतं. ज्यांचं ९ आहे त्यांना १२ पर्यंत यायला दोन महिनेही लागू शकतात, आणि तेही दर महिन्याला अंगावरून फार जात नसेल तर. पथ्य नसलेली बाई शेवटच्या पंधरवड्यात चार गोष्टी जास्त खाऊन थोडीफार भर घालू शकते. पथ्य असेल तर तेवढे पर्यायच नसतात, म्हणून आधी सुरुवात करायची. उद्या शस्त्रक्रिया टळलीच, तरी भरून निघालेलं लोह आणि बी-१२ तुमच्याच उपयोगाचं आहे.

काढण्याशिवाय दुसरा मार्ग नाही का?

कारणावर अवलंबून आहे, आणि हा प्रश्न डॉक्टरांना स्पष्ट विचारायलाच हवा. फार रक्तस्राव होत असेल तर ट्रानेक्झॅमिक ॲसिड किंवा हार्मोनच्या गोळ्या, हार्मोन असलेली तांबी, गर्भाशयाचं आतलं अस्तर जाळण्याची प्रक्रिया हे पर्याय असू शकतात. गाठी असतील तर फक्त गाठी काढणं किंवा त्यांचा रक्तपुरवठा बंद करणं शक्य असतं. अंग बाहेर येत असेल तर आत बसवायची रिंग आणि ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम. कर्करोग असेल तेव्हा मात्र चित्र वेगळं असतं. तिथे वेळ दवडायचा नसतो.

पथ्य असलेल्या बायकांनी आणखी एक गोष्ट विचारावी: माझं दुखणं नक्की गर्भाशयाचंच आहे का? एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं ऊतक गर्भाशयाबाहेर वाढणं) आणि आतड्याच्या संवेदनशीलतेचा आजार, म्हणजे आयबीएस, यांची लक्षणं एकमेकांत मिसळतात. पोट फुगणं, ओटीपोटात कळा आणि शौचाच्या वेळी वेदना दोन्हींत असू शकतात. पिशवी काढल्याने आयबीएस जात नाही. त्रास पाळीच्या आसपास वाढतो की विशिष्ट खाण्यानंतर, याची दोन-तीन महिन्यांची नोंद डॉक्टरांसमोर ठेवली तर निर्णय घ्यायला खरी मदत होते.

माझं पथ्य डॉक्टरांना किती तपशिलात सांगू? "गहू चालत नाही" एवढं पुरत नाही का?

नाही पुरत. ऐकणाऱ्याला हे पथ्य ॲलर्जीमुळे आहे, आजारामुळे आहे, न पचण्यामुळे आहे, श्रद्धेमुळे आहे की आवडीमुळे आहे, हे कळत नाही. या प्रत्येकाचा अर्थ वॉर्डात वेगळा होतो. ॲलर्जी म्हटलं की औषधांपर्यंत विचार करावा लागतो. दूध नुसतं पचत नसेल, तर चुकून घोटभर पोटात गेल्याने धोका नसतो. श्रद्धेचा प्रश्न असेल तर डुकरापासून बनलेलं औषध चालेल का, हे आधी विचारून ठेवावं लागतं.

दुसरी गोष्ट, आपण नेहमी काय चालत नाही त्याची यादी देतो. स्वयंपाकघरातल्या माणसाला काय चालतं ते हवं असतं. ते कळलं नाही तर तो सुरक्षित राहण्यासाठी जवळजवळ काहीच पाठवत नाही, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत तुम्ही उपाशी राहता. एका कागदावर असं लिहून न्या:

"सिलिॲक आजार आहे, बायोप्सीने निदान झालं आहे. गहू, बार्ली, राय अजिबात चालत नाही, चिमूटभरही नाही. त्याच तेलात तळलेलं, त्याच चमच्याने ढवळलेलं चालत नाही. तांदूळ, मका, बटाटा, अंडी, दही, फळं, साध्या शिजवलेल्या भाज्या चालतात. चुकून खाल्लं गेलं तर काही तासांत उलट्या आणि जुलाब होतात. ॲलर्जीसारखा श्वास अडकत नाही, पण लगेच कळवा."

याच्या चार प्रती काढा. एक फाइलमध्ये, एक भूलतज्ज्ञांना, एक वॉर्डातल्या नर्सना, एक सोबत राहणाऱ्या माणसाकडे. नर्सची ड्यूटी बदलली की तोंडी सांगितलेलं हरवतं, कागद टिकतो.

कोणत्या तपासण्या मागून घ्याव्यात?

शस्त्रक्रियेआधी हिमोग्लोबिन, साखर, किडनीचं कार्य, रक्तगट वगैरे तपासण्या होतातच. पथ्य असणाऱ्यांनी त्यात फेरिटिन, बी-१२, फोलेट आणि ड जीवनसत्त्व याबद्दल विचारावं. फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा. हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही तो रिकामा असू शकतो. फेरिटिन ३० च्या खाली असेल तर लोहाची कमतरता धरतात. शरीरात सूज असेल तेव्हा मात्र हा आकडा फसवा निघतो आणि वरवर बरा दिसतो.

बी-१२ बद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण त्याचा संबंध थेट भुलीशी आहे. भुलीत कधी कधी नायट्रस ऑक्साइड हा वायू वापरतात. हा वायू शरीरातलं बी-१२ निकामी करतो. साठा भरपूर असेल तर सहसा काही बिघडत नाही. आधीच कमतरता असेल तर नंतर हातापायांना मुंग्या, तोल जाणं, मज्जारज्जूला इजा इथपर्यंत जाऊ शकतं. फक्त वनस्पतिजन्य खाणाऱ्या, बरीच वर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या घेणाऱ्या, जठराची शस्त्रक्रिया झालेल्या बायकांनी ही तपासणी करून घ्यावीच आणि निकाल भूलतज्ज्ञांना दाखवावा. कमी निघालं तर गोळ्या किंवा इंजेक्शनने भरून काढता येतं, आणि तो वायू न वापरताही भूल देता येते.

हिमोग्लोबिन कमी आहे, पण लोहाच्या गोळ्या सोसत नाहीत. आता?

आधी गोळी कशी घेतली जाते ते तपासा. लोहाची गोळी घेतली की शरीरात हेप्सिडिन नावाचं हार्मोन वाढतं आणि साधारण एक दिवस ते आतड्यातून लोह आत येऊ देत नाही. त्यामुळे दिवसातून तीनदा गोळ्या घेतल्याने तिप्पट लोह मिळत नाही. मळमळ आणि बद्धकोष्ठ मात्र वाढतं. हल्ली बरेच डॉक्टर दिवसातून एकदाच, किंवा एक दिवस आड, घ्यायला सांगतात. तुमच्या डॉक्टरांना याबद्दल विचारा.

चहा-कॉफी, दूध आणि कॅल्शियमची गोळी लोहाच्या वेळेपासून दोन तास तरी लांब ठेवा. थायरॉइडची गोळी चार तास लांब. आंबट फळाचा रस किंवा क जीवनसत्त्वाची गोळी सोबत चालत असेल तर घ्या. ॲसिडिटीच्या गोळ्यांमुळे लोह कमी शोषलं जातं, म्हणून त्या खरंच गरजेच्या आहेत का हेही विचारा. शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरायचं कारण नाही.

एवढं करूनही सोसत नसेल किंवा आकडा हलत नसेल तर शिरेतून लोह देण्याबद्दल बोला. सिलिॲक, आतड्याला सूज येणारे आजार, जठराची शस्त्रक्रिया झालेली असणं, यांत तोंडाने घेतलेलं लोह बऱ्याचदा पुरेसं आत जात नाही. तिथे गोळ्यांवर महिने घालवण्यात अर्थ नसतो. शस्त्रक्रिया जवळ आली असेल तरीही शिरेतून देण्याचा मार्ग बरा. आणि गळती चालू असताना भरणं व्यर्थ, म्हणून मधल्या काळात पाळी थांबवण्याचं किंवा कमी करण्याचं औषध मिळेल का, हेही विचारून घ्या. हा प्रश्न बायका विचारत नाहीत, आणि तो विचारला जावा असं मला फार वाटतं.

बायकांमध्ये १२ च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय ही जागतिक आरोग्य संघटनेची रेषा. मोठ्या शस्त्रक्रियेआधी ते १३ पर्यंत असावं असं अनेक तज्ज्ञांचं मत आहे.

मांस-मासे खात नाही. नुसत्या खाण्याने लोह भरून निघेल का?

कमतरता झालेली असेल तर नुसत्या खाण्याने सहसा नाही. वनस्पतींमधलं लोह कमी शोषलं जातं. कडधान्यं, डाळी, सोयाबीन, तीळ, सुका मेवा, लोह मिसळलेली धान्यं रोज खा. कडधान्यं भिजवून, मोड आणून शिजवलीत तर लोह अडवून धरणारं फायटेट कमी होतं. जेवणात काहीतरी आंबट असू द्या. चहा जेवणानंतर लगेच घेऊ नका. हे सगळं साठा टिकवण्यासाठी. रिकामा झालेला साठा भरायला औषध लागतं, आणि ते घेणं म्हणजे आपल्या आहारात काही खोट आहे असं नाही.

प्रथिनं किती लागतात? माझ्या पथ्यात ती आणायची कुठून?

शस्त्रक्रियेच्या आसपास दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं धरतात. ६० किलो वजन असेल तर ७२ ते ९० ग्रॅम. रोजच्या जेवणात बहुतेकींना एवढी मिळत नाहीत. एकाच वेळी भरपूर खाण्यापेक्षा प्रत्येक जेवणात २० ते ३० ग्रॅम असं वाटून घेतलं तर शरीराला ती नीट वापरता येतात.

दूध बंद असेल तर अंडी, मासे, चिकन, सोयाबीन, टोफू, कडधान्यं. अंडी आणि दूध दोन्ही बंद असेल तर सोया आणि कडधान्यांवर भर. सोयाही चालत नसेल तर वाटाण्याच्या किंवा तांदळाच्या प्रथिनांची पावडर मिळते, मात्र डब्यावरची घटकांची यादी पूर्ण वाचा. गोडीसाठी घातलेले पदार्थ कित्येकींना त्रास देतात. नवीन पावडर शस्त्रक्रियेच्या आठवड्यात पहिल्यांदा घेऊ नका, महिनाभर आधी थोडी थोडी घेऊन बघा.

किडनीचा आजार असेल तर वरचा आकडा तुमच्यासाठी नाही. प्रथिनं, पोटॅशियम, फॉस्फरस हे तिन्ही किडनीच्या डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञांनी ठरवायचं. मिठाऐवजी वापरायच्या मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं, तेही टाळा.

गहू बंद केल्यावर बरं वाटतं. तपासणी केलेली नाही. काही बिघडतं का?

बिघडू शकतं. सिलिॲकची रक्ततपासणी गहू खात असतानाच खरं सांगते. बंद केल्यावर काही काळाने निकाल नॉर्मल येऊ शकतो आणि आजार लपून राहतो. तपासणीआधी किमान सहा आठवडे रोज एकापेक्षा जास्त जेवणांत ग्लुटेन असावं लागतं. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरायच्या आधीच हे डॉक्टरांशी बोला. पुन्हा गहू सुरू करून त्रास ओढवून घेणं आत्ता झेपणारं नसेल तर तसं ठरवा आणि नंतर तपासा, पण हा निर्णय समजून-उमजून घ्या. बराच काळ न वाढणारं हिमोग्लोबिन आणि गव्हाचा त्रास दोन्ही असतील तर सिलिॲकची शंका मनात ठेवायलाच हवी. सगळा दोष पाळीवर ढकलला जातो आणि आतडं तपासायचं राहून जातं.

लो-फोडमॅप (आतड्यात आंबून पोट फुगवणारी कर्बोदकं कमी ठेवणारा) आहारावर आहे. तो चालू ठेवू का?

तो आहार कायमचा नाही. सुरुवातीचा कडक टप्पा दोन ते सहा आठवड्यांचा, मग एकेक गट परत आणून बघायचा, मग आपल्याला झेपेल तेवढंच वर्ज्य ठेवायचं. पुष्कळ बायका पहिल्याच टप्प्यावर वर्षानुवर्षं थांबतात. तुम्ही त्यांपैकी असाल आणि शस्त्रक्रियेला अजून वेळ असेल तर आहारतज्ज्ञांच्या मदतीने पुढच्या टप्प्यावर जा. जितके पदार्थ परत येतील तितकं रुग्णालयात आणि नंतर घरी सोपं जाईल. तारीख अगदी जवळ असेल तर मात्र नवीन प्रयोग नको. जे सोसतं तेच खा.

वजन कमी करायला सांगितलंय. कीटो (फार कमी कर्बोदकांचा आहार) किंवा खूप कमी खाऊन पटकन उतरवू का?

पटकन नको. कमी वेळात उतरलेल्या वजनात स्नायूही जातात आणि जखम भरायला तेच लागतात. सहा महिन्यांत न ठरवता दहा टक्क्यांहून जास्त वजन उतरलं असेल, तर ते आधी डॉक्टरांना सांगा. त्या स्थितीत पोषण सुधारेपर्यंत थांबणं हिताचं ठरतं.

कीटो करणाऱ्या मधुमेही बायकांसाठी एक गंभीर सूचना. नावाच्या शेवटी "ग्लिफ्लोझिन" येणाऱ्या गोळ्या, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे, चालू असतील तर उपास आणि कमी कर्बोदकं यांच्या जोडीने रक्तात आम्ल वाढू शकतं, आणि तेही साखर फारशी वाढलेली नसताना. या गोळ्या शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी थांबवतात, एर्टुग्लिफ्लोझिन चार दिवस. तुमच्या डॉक्टरांनी नेमका दिवस सांगितला पाहिजे. सेमाग्लुटाइड, टिरझेपाटाइड यांसारखी मधुमेहाची किंवा वजन कमी करण्याची इंजेक्शनं घेत असाल तर भूलतज्ज्ञांना नक्की सांगा. त्यांनी जठर उशिरा रिकामं होतं आणि भुलीत उलटी फुप्फुसात जाण्याचा धोका वाढतो.

अन्नाची ॲलर्जी आणि भुलीची औषधं यांचा काय संबंध?

काही ठिकाणी थेट आहे. प्रोपोफॉल या भुलीच्या औषधात सोयाबीनचं तेल आणि अंड्यातलं लेसिथिन असतं. अंड्याची किंवा सोयाची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना ते सुरक्षितपणे देता येतं, तरीही भूलतज्ज्ञांना माहीत हवं. केळं, किवी, ॲव्होकाडो खाऊन तोंडाला खाज येत असेल तर लॅटेक्सच्या रबराचीही ॲलर्जी असू शकते. शस्त्रक्रियेतले हातमोजे, नळ्या बदलाव्या लागतात, म्हणून हे तुम्हाला किरकोळ वाटलं तरी बोला.

जिलेटिनची (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनणाऱ्या पदार्थाची) ॲलर्जी असेल तर सलाइनमधून देतात ते काही द्रव, रक्तस्राव थांबवणारे काही स्पंज आणि कॅप्सूलची आवरणं या सगळ्यांचा विचार लागतो. लाल मांसाची ॲलर्जी असेल त्यांनाही हेच लागू. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिलं जाणारं हेपॅरिन आणि त्याच गटातलं एनोक्झापॅरिन डुकराच्या आतड्यापासून बनतं. श्रद्धेमुळे किंवा तत्त्वामुळे हे चालत नसेल तर आधी सांगा. फोंडापॅरिनक्स हे प्रयोगशाळेत बनवलेलं औषध आहे आणि काहींना ते देता येतं. ऐनवेळी नाही म्हणणं मात्र धोक्याचं, कारण शस्त्रक्रियेनंतर पायात गुठळी होण्याची भीती खरी असते.

गोळ्यांमध्ये गहू किंवा दूध असतं का?

काही गोळ्यांत लॅक्टोज भर म्हणून असतं, पण प्रमाण इतकं कमी की दूध न पचणाऱ्या बहुतेकींना त्रास होत नाही. स्टार्च बऱ्याचदा मक्याचा किंवा बटाट्याचा असतो. सिलिॲक असेल तर औषधविक्रेत्याला प्रत्येक गोळीचे घटक बघायला सांगा, आणि घरी न्यायच्या औषधांची यादी शस्त्रक्रियेच्या आधीच मागून ठेवा. वेदना होत असताना पाकिटावरची बारीक अक्षरं वाचत बसायची वेळ येऊ नये.

पूरक गोळ्या आणि काढे चालू ठेवावेत का?

लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व, डॉक्टरांनी दिलेलं असेल तर चालू. लसूण, जिन्सेंग, गिंको यांच्या कॅप्सूल, जास्त मात्रेचं ई जीवनसत्त्व आणि माशाचं तेल यांबद्दल मात्र शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी डॉक्टरांना विचारून घ्या. यांपैकी काहींनी रक्त पातळ होतं, काही भुलीच्या औषधांत ढवळाढवळ करतात. घरचा काढाही सांगा, नैसर्गिक आहे म्हणून लपवू नका.

आदल्या रात्रीपासून उपाशी राहायचं का? मला उपाशीपोटी चक्कर येते.

मध्यरात्रीपासून पाणीसुद्धा नको, ही जुनी सूचना आता बहुतेकांना लागू नाही. साधारण नियम असा: तळलेलं, तुपकट किंवा मांसाहारी जेवण आठ तास आधी, हलकं खाणं सहा तास आधी, पाणी आणि आरपार दिसणारी पेयं दोन तास आधीपर्यंत. दूध, मग ते गाईचं असो वा सोयाचं, हलक्या खाण्यात धरतात. तुमच्या रुग्णालयाची सूचना वेगळी असेल तर ती पाळा.

काही ठिकाणी दोन-तीन तास आधी साखरेचं पेय देतात. फळांच्या रसातलं फ्रुक्टोज सोसत नसेल, कीटोवर असाल, मधुमेह असेल, तर ते पेय कशाचं आहे ते विचारा. मधुमेहींनी सकाळच्या यादीत पहिला नंबर मागावा. मिळेलच असं नाही, पण मागितल्याने काही जात नाही. आदल्या संध्याकाळी पोट साफ करण्याचं औषध आता नेहमी देत नाहीत. दिलंच तर त्यातले घटक विचारून घ्या.

रुग्णालयात काय खायचं?

भरती व्हायच्या आठवडाभर आधी तिथल्या आहारतज्ज्ञांना फोन करून तुमचा कागद पाठवा. बहुतेक बायकांना शस्त्रक्रियेनंतर २४ तासांच्या आत साधं जेवण सुरू करता येतं. दोन-तीन दिवस नुसत्या पातळ पदार्थांवर ठेवायची गरज नसते. घरून डबा चालतो का, गरम करायची सोय कुठे आहे, हे आधीच विचारा. सोबत टिकाऊ असं थोडं ठेवा: तुम्हाला चालणारी बिस्किटं, भाजलेलं धान्य, सुका मेवा, पावडर. खात्री नसलेला घास खाऊ नका. ताट परत करण्यात संकोच नको, आणि सोबतच्या माणसालाही तेच सांगून ठेवा, कारण गुंगीत तुम्ही तपासू शकणार नाही.

नंतर पोट फुगतं, शौचाला होत नाही. पथ्यात काय घेऊ?

दुर्बिणीतून केलं असेल तर पोटात भरलेल्या वायूमुळे खांदाही दुखतो. एक-दोन दिवस चालल्याने बरं वाटतं. बद्धकोष्ठ भुलीमुळे, वेदनाशामकांमुळे आणि लोहामुळे होतं, आणि टाके असताना जोर लावायचा नसतो. म्हणून औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. लॅक्टुलोज हे शौच साफ होण्याचं औषध आतड्यात आंबतं, त्यामुळे फोडमॅप न सोसणाऱ्यांचं पोट आणखी फुगतं. मॅक्रोगोलची पावडर त्यांना सहसा बरी पडते. आतडी लवकर हलावीत म्हणून च्युइंग गम चघळायला सांगतात, पण बिनसाखरेच्या गममध्ये सॉर्बिटॉल किंवा झायलिटॉल असतं. तेही फोडमॅपच.

तंतुमय पदार्थ एकदम वाढवू नका. पाणी प्या, चाला, हळूहळू वाढवा.

घरची तयारी काय करू?

पोट उघडून केलं तर सावरायला सहा ते आठ आठवडे लागतात. योनीमार्गे किंवा दुर्बिणीतून केलं तर बऱ्याचदा कमी. त्या काळात साधारण चार-पाच किलोपेक्षा जड काही उचलायचं नाही. पाण्याने भरलेलं मोठं पातेलं त्याहून जड होतं. पथ्याचा स्वयंपाक बहुधा तुम्हीच करता, म्हणूनच तो दुसऱ्या कोणालातरी शिकवणं ही सगळ्यात मोठी तयारी. चार-पाच पदार्थ त्यांच्याकडून तुमच्यासमोर करून घ्या. वेगळी भांडी, वेगळा चमचा, वेगळा डबा यांवर चिठ्ठ्या लावा. शिजवलेलं छोट्या डब्यांत गोठवून ठेवा. रोजच्या वस्तू कमरेच्या उंचीवर आणा, म्हणजे वाकणं आणि हात वर ताणणं टळेल.

बीजकोषही काढले तर आहारात काय बदल?

पाळी अजून नैसर्गिकरीत्या थांबलेली नसेल आणि दोन्ही बीजकोष काढले तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते. हाडं झपाट्याने विरळ होऊ लागतात. ४५ वर्षांआधी असं झालं तर हृदयरोगाचा धोकाही वाढतो. म्हणून काही मनाई नसेल तर साधारण ५१ वर्षांपर्यंत हार्मोन देण्याबद्दल डॉक्टर बोलतात. काढायचे की ठेवायचे हे शस्त्रक्रियेआधी स्पष्ट बोला आणि संमतिपत्रात काय लिहिलंय ते स्वतः वाचा.

दूध बंद असलेल्यांनी कॅल्शियमचा हिशेब करावा. ५० पर्यंत दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम, त्यानंतर १२००. कॅल्शियम मिसळलेलं वनस्पतिजन्य दूध, कॅल्शियम घालून बनवलेला टोफू, तीळ, काट्यासकट खाता येणारे छोटे मासे उपयोगी. पालकात कॅल्शियम दिसतं, पण ऑक्झॅलेटमुळे ते फार कमी अंगी लागतं. गोळी घेत असाल तर एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको.

घरी आल्यावर कशासाठी लगेच फोन करायचा?

३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, घाण वासाचा स्राव, एका पायाला सूज आणि दुखणं, श्वास लागणं, लघवी न होणं, जखम लाल होऊन पाझरणं. पोट ताठ फुगून वायू सरत नाही आणि उलट्या होतात, हेही. "पथ्य मोडलं म्हणून असेल" असं समजून वाट बघू नका.

आणि शस्त्रक्रिया झालीच नाही तर?

लोहाच्या गोळ्या हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्या दिवशी बंद करायच्या नसतात. साठा भरायला त्यानंतरही साधारण तीन महिने लागतात. फेरिटिन पुन्हा तपासा. रक्तस्राव चालूच असेल तर दर काही महिन्यांनी. बी-१२ कमी निघालं होतं आणि आहार तोच असेल तर ते पूरक कायम लागेल. तुमच्या पथ्याचा तो कागद फाइलमध्येच राहू द्या आणि काही बदललं की दुरुस्त करा. दुसरी कोणतीही शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना तोच लागेल.